मानेपर्यंत आजी

मी एक जुने गेंदेर आहे आणि माझा आवाज फार बारीक आहे, तेव्हा मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. आमच्या जावा बेटावरच्या वाद्यमेळात टांगलेल्या थाळ्यांसारखे थोरले गाँग आहेत, ढोल आहेत. ते बोलू लागले की शेजारच्या गावाला कळते. मी त्यांच्यातले नव्हे. फणसाच्या लाकडाची एक कोरीव चौकट, तिच्यावर दोऱ्यांनी टांगलेल्या काशाच्या पातळ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली एक नळकांडे, एवढाच माझा संसार. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याचीही मला खात्री वाटत नाही. पण माझे चित्र शाळेच्या संगीताच्या पुस्तकात छापले गेले आहे. त्या चित्रात माझ्यासमोर एक मिशीवाला माणूस बसला आहे आणि त्या माणसाला मी जन्मात पाहिलेले नाही. म्हणून बोलावेसे वाटले.

माझा जन्म मेरापी डोंगराच्या पायथ्याशी, एका कासाराच्या भट्टीत झाला. आमचा तो डोंगर अधूनमधून राख ओकतो. त्याच्या सावलीत राहणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. राख पडली की झाडायची आणि पुढे चालायचे. कासाराने माझ्या पट्ट्या ठोकल्या, मग एक म्हातारा आला आणि कानाशी धरून एकेक पट्टी कानशीने घासत बसला. थोडे घासायचा, ठोकायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. मला वाटे, याला मी कधीच पसंत पडणार नाही. पण एका सकाळी त्याने मान हलवली नाही, नुसता हसला. तेव्हा मला कळले की मी तयार झाले.

मला घरी आणले ते म्बाह कार्तोने. म्बाह म्हणजे आमच्याकडे आजी, आजोबा, कोणीही वडीलधारे माणूस. तिचा मुलगा वार्सितो हा सावल्यांच्या बाहुल्यांचा सूत्रधार होता. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, हातात चामड्याच्या बाहुल्या, आणि एकटा माणूस राजा, राक्षस, राणी, विदूषक साऱ्यांचे आवाज काढणार. त्याच्या पाठीशी अगदी जवळ बसून त्याला स्वर देणारे, तो बोलत असताना हळूच झुळझुळत राहणारे वाद्य म्हणजे मी. आणि आमच्या भागात सूत्रधाराच्या घरचे गेंदेर बायकांनी वाजवायचे, ही इतकी जुनी रीत होती की ती कोणी रीत म्हणून सांगतही नसे. चूल पेटवायला कोणी नियम सांगतो का? सूत्रधाराला श्वास कुठे लागतो, राग कुठे येतो, हे त्याच्या घरातल्या बाईइतके कोणाला कळणार?

तर म्बाह कार्तो आधी मला वाजवी. मग घरात सून आली, सातिनेम. लाजरी, काटकुळी, लांब बोटांची. सासूने तिला माझ्यासमोर बसवले आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली.

मला वाजवणे कठीण आहे, मित्रांनो. दोन हातांत गोल चकतीच्या दोन दांड्या असतात. पट्टीवर दांडी पडली की पट्टी घुमत राहते. पुढची पट्टी वाजवताना मागची त्याच हाताच्या मनगटाने दाबून गप्प करावी लागते. नाही केली तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

स्वयंपाकघरातून मसाला वाटता वाटता सासूचा आवाज यायचा, "दाब!"

सातिनेम दाबायची.

"दाब म्हटलं ना! काय भाताला उकळी आल्यासारखं चाललंय?"

"सासूबाई, हात दोनच आहेत हो मला."

"म्हणून तर देवानं मनगटंही दोन दिलीत!"

असे करत करत सातिनेम शिकली. ती माझ्यासमोर गुडघे मोडून, पाय मागे दुमडून टाचांवर बसे. आमच्या बायका कमरेपासून घोट्यापर्यंत जारिक घट्ट गुंडाळतात, त्यात मांडी घालता येत नाही. पुरुष मांडी घालतात. बघणाऱ्याला दुरून चेहरा दिसला नाही तरी बसण्यावरून कळते, बाई आहे की बुवा.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. सुगीनंतर गावोगावी खेळ असत. एकदा ओढ्यात बैलगाडी कलंडली आणि माझ्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यावरचे कोरलेले पान तुटले. सातिनेम स्वतः भिजली होती, पण तिने आधी माझ्या पट्ट्या खांद्यावरच्या शेल्याने पुसल्या. पुढे तिला मुलगा झाला, तो माझ्या नळकांड्यांना टेकून झोपायचा; त्याला दुसरी अंगाई लागत नसे.

नवराबायकोची भांडणेही माझ्यातूनच चालत. एकदा वार्सितोने पाहुण्यांसाठी तिची अंड्यांवर बसलेली कोंबडी कापली. सातिनेमने बोलणे टाकले. शेतातला रात्रीचा खेळ होता. राजाचे शोकगीत सुरू व्हायचे, वार्सितो माझ्या स्वराची वाट पाहतो आहे, आणि सातिनेमच्या दांड्या हवेतच. स्वर मिळाला नाही तर सूत्रधार गाणार कुठून? त्याने खाकरून पाहिले. मग राजाची बाहुली बाजूला रोवली, विदूषकाची उचलली आणि विदूषकाच्या चिरक्या आवाजात म्हणाला, "महाराज, बायको रागावली की राज्य बुडतं. कोंबडीबद्दल माफी असावी!"

सारे शेत हसले. सातिनेमने तोंडावर शेला घेतला आणि माझ्यातून स्वर दिला. लोक म्हणत, वार्सितोच्या राजाला डोळे आहेत ते पडद्यावर, पण अश्रू आहेत ते त्याच्या बायकोच्या गेंदेरात. मी हे ऐकून फुगून जाई. काशाने फुगू नये, पण फुगे.

मग काळ बदलला. शहरातून शिकून आलेले वादक येऊ लागले. चांगले वाजवत ते, वेगाने वाजवत. सगळे पुरुष होते. बायकांनी आता पुढे बसावे, केसांत फुले माळावीत, गावे. मागे वाद्यांत बसलेल्या बायका जुनाट दिसतात, असे कोणीतरी म्हणाले आणि इतरांना ते पटले. एकेका घरातले गेंदेर बाईच्या हातून सुटत गेले. वार्सितो मात्र म्हणे, "माझ्या पाठीशी हीच बसेल. दुसरं कोणी बसलं तर माझ्या राक्षसाला शिंक येते."

अशा दिवसांत आमच्या घरी एक तरुण चित्रकार आला. त्याचे नाव लुकितो. शाळेच्या नव्या संगीताच्या पुस्तकासाठी त्याला वाद्ये काढायची होती. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला आदराने पाक म्हणतात आणि बाईला बू, तसाच तोही बोले. तो वार्सितोला म्हणाला, "तुम्ही बसा ना वाजवायला, पाक."

"मी?" वार्सितो मागे सरकला. "मी बाहुल्या नाचवतो, बाबा. तिथं हात घालायची माझी छाती नाही. ही बसेल."

सातिनेम आत गेली आणि लग्नातले तपकिरी जारिक नेसून आली. लुकितो सकाळभर काढत बसला. फार मन लावून काढत होता. तिची मनगटे कशी वळतात ते पुन्हा पुन्हा पाही. माझ्या तुटलेल्या कोपऱ्यावर त्याची नजर गेली तेव्हा मला लाज वाटली, पण त्याने तोही जसाच्या तसा काढला. दुपारी उकडलेला कंद आणि दाट गोड चहा घेऊन तो गेला. "पोरांच्या पुस्तकात येणार तुम्ही, बू," असे म्हणाला. सातिनेम कोणाला काही बोलली नाही, पण त्या आठवड्यात ती मला जरा जास्तच पुसत होती.

पुस्तक आले, ते लुकितोच घेऊन आला. ओसरीत बसला, चहाला हात लावीना. मग पुस्तक उघडून पुढे सरकवले.

चित्रात मी होते. तुटलेल्या कोपऱ्यासकट होते. माझ्यावर वळलेली मनगटे सातिनेमची होती. पण मानेच्या वर एक अनोळखी पुरुष होता. डोक्याला पगोटे, ओठांवर मिशी. वरच्या अर्ध्या पानावर असे सगळे पुरुष वाद्ये वाजवत होते. खालच्या कोपऱ्यात दोन बायका केसांत फुले माळून तोंड उघडून गात होत्या, आणि एक मुलगी टाळ्या वाजवत होती.

लुकितो जमिनीकडे बघून म्हणाला, "वरच्यांनी सांगितलं, वादक म्हणजे पुरुष हवा, नाहीतर पोरांचा गोंधळ होतो. म्हणाले डोकं बदल. मी डोकं बदललं. हात बदलायला मला जमेना, बू. असे हात कुठून आणू?"

सातिनेमने चित्र डोळ्यांजवळ धरले. मग ती हसायला लागली. "अगं बाई! मला मिशी फुटली की!"

वार्सितो म्हणाला, "शोभतेय हो तुला. माझ्यापेक्षा दाट आहे."

दोघे खूप हसले. लुकितोही थोडा हसला आणि मग चहा प्यायला. पण तो गेल्यावर सातिनेम माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने दांड्या उचलल्याच नाहीत. मी तिला काय सांगणार? मला कोणी ठोकल्याशिवाय बोलता येत नाही.

त्यानंतर वर्षे गेली. वार्सितो गेला. खेळ थांबले. माझ्यावर एक जुने कापड आले. सातिनेमला आता सारे गाव म्बाह म्हणू लागले. तिची बोटे सुजत, तरी दर गुरुवारी संध्याकाळी ती माझ्यापुढे बशीत फुले ठेवी. एकदा मेरापीने राख ओकली, ती कौलांतून गळून माझ्या नळकांड्यांत साचली आणि बरेच दिवस तशीच राहिली. मला वाटले, आपले संपले.

तिकडे पुस्तक मात्र छापले जात राहिले. चित्राला नवे रंग आले. खाली वाक्ये आली. शाळा आमच्या घरामागेच आहे. वाऱ्याबरोबर पोरांचे घोकणे ऐकू येई: "बाबा गेंदेर वाजवतात. आई गाते. दादा ढोल वाजवतो. ताई टाळ्या वाजवते." रोज, सुरात. मोठ्या माणसाशी वाद घालता येतो, मित्रांनो, पण चित्राशी कसा घालणार? ते काही म्हणतच नसते. नुसते रोज डोळ्यांपुढे असते.

मग एक दिवस कापड उचलले गेले. समोर वेनिंग होती. सातिनेमची नात. तिचे आईबाप शहरात कारखान्यात कामाला, म्हणून ती इथे आजीपाशी राहायची. तिने नळकांड्यांत फुंकर मारली आणि राख तिच्याच डोळ्यांत गेली. डोळे चोळत म्हणाली, "म्बाह, हे वाजतं?"

"त्याला विचार," सातिनेम म्हणाली.

तिने विचारले. मी वाजले. आवाज इतक्या दिवसांनी फुटलेला, घोगरा. सातिनेम उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटले तिला आवडले नाही. तेवढ्यात आतून हाक आली, "दाब!"

मित्रांनो, मला काशाचे अंग नसते तर मी तेव्हा रडले असते.

वेनिंग शिकू लागली. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यासमोर, गुडघे मोडून, पाय मागे. आजी आतून ओरडे, नात बाहेरून उत्तर देई. दोघींच्या त्या भांडणात सातिनेमच्या सासूचे वाजवणे, तिच्याही सासूचे वाजवणे हळूहळू पोरीच्या मनगटांत उतरत होते. आता आमच्या भागात तसे वाजवणारी सातिनेम एकटीच उरली होती. तिच्या बोटांकडे पाहून मला कळे की घाई करायला हवी.

याच सुमारास शाळेचे संगीत शिक्षक पाक वासिस आमच्या ओसरीत आले. माणूस चांगला. सडपातळ, चष्मा नेहमी कपाळावर, कोणाला दुखवायचे नाही असा.

"म्बाह, जिल्ह्याची स्पर्धा आलीय. आमच्या शाळेत बाकी वाद्यं आहेत, गेंदेर नाही. तुमचं द्याल?"

"न्या की. पण ते एकटं येत नाही. सोबत वेनिंग येते."

"वेनिंग येईलच. गाणाऱ्यांत."

"गाणाऱ्यांत?" सातिनेम म्हणाली. "तिचं गाणं ऐकलंय का तुम्ही? त्यापेक्षा कावळा बरा."

"म्बाह!" वेनिंग ओरडली.

"खोटं आहे का? पण वाजवते. ऐका एकदा."

पाक वासिसांनी ऐकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला, पुन्हा कपाळावर गेला. "छान वाजवते," ते अवघडून म्हणाले. "पण स्पर्धेत बैठकीला गुण असतात. नियम आहे, बैठक पाठ्यपुस्तकातल्या चित्राप्रमाणे. वादक मांडी घालून बसतात. मुली जारिक नेसणार, त्यांना मांडी कशी घालता येईल? म्हणून मुलगे वाजवतात, मुली गातात. पुस्तकातही तसंच आहे. मी जारोतला बसवायचं ठरवलंय. तुम्ही रागावू नका."

सातिनेमचा हात माझ्या तुटलेल्या कोपऱ्यावर होता. तिने तोंड उघडले आणि मिटले. मला ठाऊक होते ती का गप्प राहिली. मिशीवाल्या माणसाकडे बोट दाखवून "ती मी" असे कोणत्या तोंडाने सांगायचे? म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणतील.

"न्या," ती म्हणाली.

वेनिंग मागच्या दाराने निघून गेली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आजीने पानात तिच्या आवडीचे सोयाबीनचे तळलेले तेंपे वाढले होते, ते गार झाले.

शाळेत मला वर्गाच्या मधोमध ठेवले. पहिल्याच दिवशी एक पोरगा मला ओलांडून पलीकडे जायला निघाला, तर गाणाऱ्यांच्या रांगेतून वेनिंग किंचाळली, "ओलांडू नकोस! पाया पड त्याच्या!" वाद्याला ओलांडायचे नसते, एवढे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तो बिचारा एका पायावर थांबला आणि मागे फिरला. त्यानंतर ती पुन्हा रांगेत ओठ मिटून उभी राहिली. गात नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती.

जारोत माझ्यासमोर बसायला आला. गोल चेहऱ्याचा, घाबरट, आज्ञाधारक मुलगा. त्याला ढोल आवडे. माझी त्याला भीतीच वाटे.

पाक वासिस म्हणाले, "जारोत, बैठक पहिली. पुस्तक उघड. अगदी चित्रातल्यासारखं बस, तसूभर फरक नको."

जारोतने पुस्तक माझ्या चौकटीला टेकवून ठेवले. चित्राकडे बघितले, स्वतःच्या पायांकडे बघितले, पुन्हा चित्राकडे. मग त्याने गुडघे मोडले, पाय मागे दुमडले आणि टाचांवर बसला.

वर्ग फुटला. "नवरी! जारोत नवरी झाला!"

"जारोत, फुलं माळ रे केसांत!"

"हे काय?" पाक वासिस म्हणाले. "मुलीसारखा काय बसलास? मांडी घाल."

जारोतचे कान लाल झाले होते, पण तो हलला नाही. "चित्रात असंच आहे, पाक."

"चित्रात मांडी आहे."

"नाही, पाक. बघा ना. पाय मागे आहेत."

पाक वासिसांनी पुस्तक उचलले. चष्मा खाली आला. ते चित्राकडे बघत राहिले. कितीतरी वर्षे त्यांनी ते पान उघडून शिकवले होते, आणि मिशीच्या खाली कधी बघितलेच नव्हते. पोरांनी आपापली पुस्तके उघडली. पाने फडफडली. मग हळूहळू कुजबूज: "खरंच की." "हे काका आईसारखे का बसलेत?"

गाणाऱ्यांच्या रांगेतून वेनिंग पुढे आली. माझ्याजवळ गुडघे टेकून तिने पुस्तकातला माझा कोपरा पाहिला, मग माझा कोपरा पाहिला. तुटलेल्या पानावर बोट ठेवले.

"पाक, हे आमचंच गेंदेर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज माझ्याइतकाच बारीक झाला होता. "आणि आमच्या घरी हे म्बाहशिवाय कोणी वाजवत नव्हतं."

पाक वासिसांनी तिच्याकडे पाहिले. "जा, म्बाहला घेऊन ये. म्हणावं, मी विनंती केलीय."

सातिनेम आली ती कणसे सोलत असतानाच उठून आली होती. टोपली काखेत तशीच. पोरांनी वाट करून दिली. पाक वासिसांनी पुस्तक तिच्यापुढे धरले.

"म्बाह, हे कोण?"

"जाऊ द्या हो, पाक. जुनी गोष्ट."

"खरं सांगा. मी हसणार नाही."

सातिनेमने टोपली खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसली. तिचे गुडघे कडकड वाजले. दांड्या हातात घेतल्या आणि राजाच्या शोकगीताआधीचा तो सूर वाजवू लागली, अगदी हळू, वार्सितोच्या पाठीशी वाजवायची तसा. सुजलेल्या बोटांनी. पण मनगटे तीच होती. माझ्या पट्ट्यांनी ती लगेच ओळखली.

जारोतने पुस्तक तिच्या शेजारी धरले. पोरे एकदा चित्र बघत, एकदा तिला.

"पाय सारखे!"

"हात सारखे! ती करंगळी बघ!"

"मानेपर्यंत आजी आहे," जारोत म्हणाला, "वरती काका."

सातिनेमच्या दांड्या थांबल्या. आता ती उठून जाईल, असे मला वाटले. पण तिने टोपलीत हात घातला, एका कणसाची तपकिरी शेंडी उपटली, ओठांवर धरली आणि पाक वासिसांकडे वळली.

"आता ओळखलंत का, पाक?"

हसणार नाही म्हणालेल्या पाक वासिसांना हसू आवरेना. ते खाली बसले, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले, आणि मग अचानक हसायचे थांबले.

"म्बाह," ते म्हणाले, "मी इतक्या मुलींना सांगितलं, तुमची जागा खालच्या कोपऱ्यात. तुमच्या डोळ्यांदेखत सांगितलं. एक शब्द बोलला नाहीत तुम्ही."

"काय बोलणार? मिशी माझी नव्हती, पण छापलेली होती."

पाक वासिस उठले. "वेनिंग," ते म्हणाले, "बस. पुस्तकातल्यासारखी बस."

ती बसली. जारोत तर इतका खूश झाला की ढोलाकडे जाताना दोनदा अडखळला. आणि मग एकच कालवा झाला. गाणाऱ्यांतली एक मुलगी म्हणाली, "मग मला गाँग द्या." दुसरी म्हणाली, "टाळ्या मी नाही वाजवणार, माझे हात दुखतात." एक मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला की त्याला गायला चालेल. "गप्प!" पाक वासिस ओरडले, "सगळं एकदम नको!" पण त्यांनी त्या मुलाला गाणाऱ्यांत घेतले.

स्पर्धा जिल्ह्याच्या मोठ्या सभागृहात झाली. वेनिंग सातिनेमचे ते तपकिरी जारिक नेसली होती, खाली दुमडून शिवून. तिच्या तळहातांना इतका घाम होता की दांड्या निसटत होत्या. पहिल्याच ओळीत तिने एक पट्टी दाबली नाही आणि स्वर सांडला. ती घाबरली. तिने मान वर केली. शेवटच्या रांगेत सातिनेम बसली होती. तिने काही ओरडले नाही, नुसते मनगट वर करून हवेत दाबले. पुढे सगळे नीट झाले. नीट म्हणजे काय, मित्रांनो, बऱ्याच वर्षांनी मला कोणीतरी पुरते वाजवले.

निकाल सांगायच्या आधी परीक्षकांनी पाक वासिसांना बोलावले. "वाजवणं उत्तम. पण गेंदेरवर बसलेल्या मुलीची बैठक चुकीची. गुण कापावे लागतील."

कोणालाही दुखवायला घाबरणारा तो माणूस. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढले, पान उघडले आणि परीक्षकांच्या टेबलावर ठेवले. "नियम असा आहे की बैठक चित्राप्रमाणे. हे चित्र. कृपा करून मिशी सोडून बाकीचं बघा."

परीक्षकांनी बघितले. एकमेकांकडे बघितले. एकाने पुस्तक उलटेसुलटे करून पाहिले. कापलेले गुण परत मिळाले.

ढाल तरीही दुसऱ्याच शाळेला गेली. आमचा ढोल शेवटी फार पळाला होता. परतीच्या गाडीत वेनिंग तोंड पाडून बसली. सातिनेम तिला म्हणाली, "अगं न्दुक, पोरी, इतकी वर्षं माझं बसणं कोणाला दिसलंच नाही. आज निदान गुण कापण्यापुरतं तरी दिसलं! आणि परत द्यावे लागले."

आता मी पुन्हा घरी आहे. पुस्तक अजून तेच आहे. पुढच्या छपाईत काय होईल, मला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांना कोणी विचारत नाही. पण आमच्या शाळेतल्या एकूण एक पुस्तकात त्या पगोट्यावर पेन्सिलीने अंबाडा काढलेला आहे. पुस्तकात रेघोट्या ओढू नयेत, हे मलाही मान्य आहे. पाक वासिस अजूनही त्याबद्दल रागवायचे आहेत. अजून त्यांना वेळ मिळालेला नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडेसेच आहे. घरात जुने वाद्य असेल तर त्याला ओलांडू नका, त्याच्यावर राख साचू देऊ नका आणि अधूनमधून वाजवा. फार दिवस गप्प राहिले की काशालाही आपला स्वर आठवेनासा होतो. आणि पुस्तकातले चित्र दिसले की पान घाईने उलटू नका. कोण वाजवतो आहे, कोण नुसती टाळ्या वाजवते आहे, ते बघा. चेहरा बघून झाला की नजर जरा खाली आणा. हात बघा, पाय बघा. कदाचित तिथे तुमच्याच घरातले कोणी बसलेले असेल.

मला आता थांबायला हवे. वेनिंग शाळेतून आली आहे, दप्तर कोपऱ्यात पडले आहे, आणि आत मसाला वाटणारा पाटा मध्येच थांबला आहे.

"दाब!"

"दाबलंय, म्बाह!"

"मग मला कसं ऐकू आलं?"